दगड कुठे थांबतो?
(सावित्री आणि कोयनेच्या निमित्ताने)

सिव्हिलवाल्यांना 'गाळ' म्हटले की दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे धरणातला मृत साठा, आणि दुसरी म्हणजे ओरलला हमखास विचारला जाणारा सिल्टचा व्यास. बाकीच्या शाखांच्या मंडळींसाठी तर गाळ म्हणजे मेसच्या चहाच्या तळाशी उरतो तो! पण २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर महाड आणि चिपळूणच्या मुलांनी घरून आणलेले फोटो ज्यांनी पाहिले असतील, त्यांना गाळ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. घरात गुडघाभर चिखल, फ्रिज आडवा, आणि भिंतीवर छताजवळ पाण्याची रेघ. तेव्हापासून आपल्या होस्टेलवर दर पावसाळ्यात एक वाद रंगतो. एक गट म्हणतो, नदीतला गाळ काढा, पूर येणार नाही. दुसरा म्हणतो, कितीही काढा, पुढच्या वर्षी पुन्हा आहेच. दोन्ही बाजू जोरात बोलतात. पण हा गाळ येतो कुठून आणि नेमका तिथेच का बसतो, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते उत्तर नदीत कमी आणि डोंगराच्या आकारात जास्त आहे. म्हणून हा लेख.

क्षेत्र महाबळेश्वरचे पंचगंगेचे देऊळ बहुतेकांनी पाहिले असेल. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्या इथे उगम पावतात, असे आपण लहानपणापासून ऐकतो. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी भूगोलाच्या दृष्टीने ही जागा म्हणजे एक तयार प्रयोगशाळाच आहे. खडक एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट. पाऊस एकच, वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात. माथ्यावर जांभ्याची टोपीही एकच. आणि तरीही सावित्री पश्चिमेला उडी मारते, तर कोयना दक्षिणेला वळून सह्याद्रीच्या रांगेला समांतर निवांत चालू लागते. बाकी सगळे सारखे आणि फक्त जमिनीचा आकार वेगळा, असा प्रयोग आपल्याला लॅबमध्ये करायचा म्हटला तर किती खर्च येईल!

आता जरा आकडे पाहू. सावित्री साधारण तेराशे मीटर उंचीवरून निघते आणि सुमारे शंभर किलोमीटर जाऊन बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. म्हणजे सरासरी उतार सत्त्याहत्तरास एक. पण ही सरासरी फसवी आहे, कारण उंचीचा बहुतेक हिस्सा पोलादपूरच्या वरच संपतो. आर्थर सीटला कठड्याशी उभे राहून डावीकडे पाहिलेत तर सावित्रीचे खोरे पायाखाली सरळ कोसळलेले दिसते. तिथून पुढे खाली पोलादपूर, आणि तिथे नदी जवळजवळ कोकणच्या पातळीला आलेली असते. उरलेला सगळा प्रवास सपाटीवरचा, आणि शेवटी तर भरती-ओहोटीचा.

कोयनेचे तसे नाही. ती हेळवाकपर्यंत पासष्ट-एक किलोमीटर दक्षिणेकडे जाते, मग काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. एकूण लांबी सुमारे १३० किलोमीटर. पण कराड स्वतःच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे! म्हणजे कोयनेला उतरायला मिळतात जेमतेम साडेसातशे मीटर, आणि तेही जास्त अंतरात. पुढे कृष्णेला उरलेली उंची उतरायला बंगालच्या उपसागरापर्यंत हजारांवर किलोमीटर आहेत. नदीला जिथपर्यंत खोदता येते ती खालची मर्यादा, म्हणजे तिची पायाची पातळी, सावित्रीला शंभर किलोमीटरवर मिळते आणि कोयनेला दूर आंध्रात. पुढचे बरेचसे नाट्य यातून घडते.

उताराचा दगडाशी संबंध काय, हे समजायला एक छोटे गणित करू. घाबरू नका, एम-थ्रीची गरज नाही. पाणी तळावर जो ओढ-ताण देते, तो म्हणजे पाण्याची घनता गुणिले गुरुत्वप्रवेग गुणिले खोली गुणिले उतार. आणि दगड हलायला किती ताण लागतो ते शील्ड्स या अमेरिकन संशोधकाने १९३६ मध्ये दाखवले : दगडाचे पाण्यातले वजन, त्याचा व्यास आणि एक स्थिरांक यांचा गुणाकार. स्थिरांक ढोबळमानाने ०.०४५ धरा. बेसॉल्ट पाण्याच्या २.९ पट जड आहे, म्हणजे पाण्यात बुडाल्यावर १.९ पट. दोन्ही बाजू समान केल्या की गुरुत्वप्रवेग आणि पाण्याची घनता उडून जातात, आणि उरते ते असे : हलू शकणाऱ्या दगडाचा व्यास म्हणजे खोली गुणिले उतार, गुणिले जवळपास १२. एवढेच! हे समीकरण तळहातावर लिहून घ्या, नदीकाठी कुठेही उपयोगी पडते.

आता पूर तीन मीटर खोल आहे असे समजा. उतार शंभरास एक असेल, तर सुमारे ३५ सेंटिमीटरचा, म्हणजे कळशीएवढा धोंडा हलतो. उतार हजारास एक झाला की साडेतीन सेंटिमीटर, लिंबाएवढा गोटा. आणि पाच हजारास एक झाला की सात मिलिमीटर, हरभऱ्याचा दाणा. पाणी तेवढेच, पूर तोच. खाली येताना खोली वाढते हे खरे. पण खोली दुप्पट होते तेव्हा उतार दहा-वीस पटीने कमी झालेला असतो. शर्यतीत उतारच जिंकतो.

याचा अर्थ, घाटाखाली जिथे नदीचा उतार एकदम मोडतो तिथे तिला हातातले ओझे टाकावेच लागते. आधी धोंडे, मग गोटे, मग रेती, आणि अगदी शेवटी पोयटा आणि चिखल. पोलादपूरकडून महाडकडे येताना नदीच्या पात्रात उतरून पाहिले तर हे सगळे क्रमाने लावून ठेवल्यासारखे दिसते. महाडजवळ नदीत जी बेटे तयार झाली आहेत, ती कोणाच्या निष्काळजीपणामुळेच झाली असे मानायचे कारण नाही. उतार मोडण्याच्या जागेखाली भर पडणारच. माणसाने त्यात हातभार लावला आहे, त्याकडे नंतर येतो.

एक खुलासा इथेच करतो, नाहीतर सर मंडळी पकडतील. अगदी वरच्या टप्प्यात, जिथे उतार विसास एक किंवा त्याहून तीव्र असतो, तिथे हे समीकरण जरा बढाया मारते. गणिताने पावणेदोन मीटरचा धोंडा हलायला हवा. पण प्रत्यक्षात मोठे धोंडे एकमेकांत अडकून पायऱ्या करतात, पाण्याची बरीच ऊर्जा त्यांच्यावर आपटण्यात खर्च होते, आणि मधल्या डोहांत पाणी दम घेते. म्हणून घाटातल्या ओढ्यांत घराएवढे धोंडे वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत. हलतात ते एखाद्या असामान्य पुरात, किंवा दरडीच्या चिखलासकट. पुणे विद्यापीठाचे प्रा. विश्वास काळे यांनी आपल्या मोसमी नद्यांच्या महापुरांवर बरेच काम केले आहे. दख्खनच्या खडकाळ पात्रांत क्वचित येणारे प्रचंड पूर जे करून जातात, ते नेहमीचे पूर करू शकत नाहीत, हा त्यातला मुद्दा मला फार पटतो.

आता नदी सोडून डोंगराच्या अंगावर चढू, कारण माल तिथूनच येतो.

सह्याद्रीचा उतार गुळगुळीत नाही, पायऱ्यापायऱ्यांचा आहे. 'ट्रॅप' हा शब्दच मुळी जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. लाव्हाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे. घट्ट थराचा कडा होतो. सच्छिद्र, मऊ थर झिजून त्याची सपाट पायरी होते. मधे कुठे तरी तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो, ज्यातून पाणी खाली जात नाही. कड्यावरून सुटलेली माती आणि डबर थेट नदीत जात नाही, या पायरीवर येऊन थांबते. शे-दोनशे वर्षे थांबते, हजार वर्षेही थांबते. म्हणजे डोंगर गाळ एका दमात खाली पाठवत नाही. मधल्या मधे गोदामे भरत राहतो.

आणि या गोदामांवर काय असते? भातखाचर करण्याइतकी माती, कड्याच्या पायथ्याशी बारमाही झरा, वाऱ्यापासून आडोसा. सह्याद्रीत घर बांधायला याहून चांगली जागा नाही! म्हणून वाड्या नेमक्या तिथेच वसल्या आहेत. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) : तिन्ही गावे वेगवेगळ्या नद्यांच्या खोऱ्यांत, पण नकाशावर तिन्हींच्या जागा पाहिल्या की डोंगराखालची ही वस्ती डोळ्यांत भरते. 'लोक कशाला राहतात तिथे?' असे आपल्यातलेच काही जण टीव्हीसमोर बसून म्हणतात, तेव्हा मला राग येतो. जी जागा शेती देते तीच धोका देते, कारण दोन्ही एकाच मातीतून येतात.

सगळ्या पायऱ्या मात्र सारख्या धोक्याच्या नाहीत, आणि इथे आकार पुन्हा येतो. डोंगराच्या सोंडेवर समोच्च रेषा बाहेर फुगलेल्या असतात. पडलेले पाणी दोन्ही अंगांना पांगते. घळीत त्या आत वळलेल्या असतात. दोन्ही बाजूंचे पाणी आणि मातीसुद्धा मध्ये गोळा होते. बेव्हेन आणि कर्कबी यांनी १९७९ मध्ये यासाठी एक साधा निर्देशांक मांडला : एखाद्या जागी वरून किती क्षेत्राचे पाणी येते भागिले तिथला उतार, आणि त्याचे लॉगॅरिथम. आकडा मोठा म्हणजे जमीन लवकर तुडुंब होणार. जिथे हा आकडाही मोठा आणि उतारही अजून बऱ्यापैकी तीव्र, तिथे लक्ष ठेवायचे.

तुडुंब झाल्याने काय बिघडते ते जिओटेकवाल्यांना माहीत आहे. कोरड्या, चिकटपणा नसलेल्या मातीचा घर्षणकोन ३२ अंश असेल तर ती जवळपास तेवढ्या उतारावर टिकते. पण पाणी पृष्ठभागापर्यंत चढून उताराला समांतर झिरपू लागले की टिकणारा उतार निम्म्यावर, म्हणजे १७ अंशांच्या आसपास येतो. आता सांगा, घाटात १७ अंशांपेक्षा कमी उतार किती ठिकाणी आहे? मुळे आणि थोडा चिकटपणा यांच्या जिवावर बाकीचा डोंगर उभा आहे. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अशा दिवशी मुळांचा जोरही अपुरा पडतो.

त्याच पावसात दरडी दोन्ही बाजूंना कोसळल्या हे महत्त्वाचे आहे. पश्चिमेला तळिये, तर कोयनेच्या बाजूला पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव. माणसे दोन्हीकडे गेली. फरक पडतो तो पुढे : सुटलेला माल मोठ्या नदीपर्यंत पोहोचतो की नाही? घाटाखालच्या अरुंद दरीत डोंगराचा पाय थेट ओढ्यात असतो, मध्ये सपाटीच नसते. दरड पडली की ती ओढ्यात, आणि ओढा तीव्र उताराचा, म्हणजे दोन-चार पुरांत माल खाली. पूर्वेकडे दऱ्या रुंद आहेत. डोंगर आणि नदी यांच्यामध्ये शेते, जुने गाळाचे थर, बांध. बराचसा माल तिथेच अडकतो. डोंगर आणि पात्र यांची ही 'जोडणी' घट्ट आहे की सैल, यावर गाळाचे गणित बरेचसे ठरते. म्हणून 'हेक्टरी इतके टन माती वाहून गेली' हा आकडा घेऊन तो सरळ धरणात किंवा खाडीत मोजता येत नाही. खोरे जितके मोठे आणि सपाट, तितका वाटेत राहणारा हिस्सा जास्त.

खोऱ्याचा वरून दिसणारा आकारही पाहायला हवा. कोयनेचे वरचे खोरे लांबट, काकडीसारखे. दोन्ही बाजूंनी छोटे ओढे एकामागून एक येतात, आणि त्यांचे पूर थोडे पुढेमागे होतात. सावित्रीचे खोरे पंख्यासारखे : गांधारी आणि काळ या नद्या महाडच्या आसपासच तिला येऊन मिळतात. सगळ्यांचा पूर जवळपास एकाच वेळी, आणि तोही नेमका उतार संपलेल्या ठिकाणी. त्यात खालून भरती आली की विचारूच नका.

जाता जाता एक गंमत. सह्याद्रीच्या पश्चिमेकडच्या नद्या कडा मागे मागे खात पूर्वेच्या नद्यांची डोकी कापत चालल्या आहेत. सावित्री किंवा वाशिष्ठी कोयनेपर्यंत पोहोचायला लाखो वर्षे लागली असती. आपण १९६० च्या दशकातच बोगदे काढून कोयनेचे पाणी पोफळीला आणले आणि वाशिष्ठीत सोडले! फक्त हे पाणी शिवसागरात निवळून आलेले असते, म्हणजे कोयनेचा गाळ कोयनेकडे आणि पाणी वाशिष्ठीकडे.

आता वादाच्या मुद्द्यावर येतो. गाळ काढावा की नाही?

शहरातली बेटे काढल्याने पुराला जागा मिळते, यात शंका नाही, आणि महाड-चिपळूणच्या लोकांनी त्यासाठी केलेली मागणी मला रास्तच वाटते. पण नदीच्या तळात खड्डा खणला की वरच्या अंगाला, म्हणजे खड्ड्याच्या काठाशी, उतार वाढतो. वर सांगितलेल्या गणिताने तिथला दगड सुटायला लागतो, आणि ही खाच दरसाल वर वर सरकते. वाटेत पुलाचा पाया आला तर? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या, हे आपल्याला विसरता येणार नाही. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला याचे कौतुक झाले आणि ते योग्यच आहे. पण पुलाजवळचा तळ दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मोजणे, याचे कौतुक कोणी करत नाही. ते काम स्वस्त आहे, आणि आपल्यासारख्या पोरांनाही जमेल.

दुसरे असे की खड्ड्यात पाण्याचा वेग मंदावतो, म्हणून तो नव्या गाळाचा सापळा होतो. आणि भरतीच्या टप्प्यात तळ कितीही खोल केला तरी पाण्याची वरची पातळी समुद्र ठरवतो. पात्राची क्षमता वाढते, उतार मात्र मिळत नाही. तेव्हा एकदा काढून मोकळे झालो, असे इथे नाही. गटार साफ करतो तसे हे दर काही वर्षांनी, मोजून आणि जागा ठरवून करावे लागेल.

तिसरी गोष्ट म्हणजे वरून येणारा माल. घाटातले रस्ते रुंद करताना निघालेले डबर सर्रास लगतच्या घळीत ढकलले जाते, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी डोळ्यांनी पाहिले आहे. घळ म्हणजे काय ते वर आलेच : पाणी गोळा होण्याची जागा. तिथे टाकलेले डबर म्हणजे नदीच्या पत्त्यावर केलेले पार्सल. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरात सोन्यासाठी पाण्याच्या जोराने टेकड्या फोडल्या जात. तो गाळ खालच्या शेतांत आणि नद्यांत इतका साचला की १८८४ मध्ये न्यायालयाने ही पद्धत थांबवली. गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये दाखवले की खाणी बंद झाल्यावरही गाळाची ती लाट अनेक वर्षे खाली सरकत होती. आज घळीत टाकलेले डबर महाडला कधी पोहोचेल, याचा हिशोब म्हणूनच आजच्या ठेकेदाराच्या बिलात दिसत नाही.

कोणाला प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल, तर साहित्य फुकट आहे. 'एसआरटीएम' ही उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून अकरा दिवसांत गोळा केली गेली आणि आता ३० मीटरच्या चौकटीत मिळते. इस्रोच्या 'भुवन'वर कार्टोसॅटची आहे. 'क्यूजीआयएस' हे सॉफ्टवेअरही मोफत. नदीचा लांबीनुसार उतार काढा, तो कुठे मोडतो ते पाहा, आणि मग प्रत्यक्ष तिथे जाऊन दगड मोजा. वोल्मनची १९५४ ची पद्धत सोपी आहे : पात्रात चालत जायचे, प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाशी जो दगड येईल तो न निवडता उचलायचा, मधला व्यास मोजायचा, असे शंभर दगड. दोघे जण असले तर तासाभरात एक ठिकाण होते, एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. अशी सहा ठिकाणे केली आणि खोली गुणिले उतार गुणिले १२ शी ताडून पाहिली, तर सेमिनारला बोलायला भरपूर मिळेल. डिसेंबर ते एप्रिल हा काळ बरा. गावात जाल तेव्हा आधी एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना गाठा, आणि नदी पूर्वी कुठून वाहत होती, कुठली घळ कधी सुटली होती ते विचारा. तीस मीटरच्या चौकटीत हे दिसत नाही.